बायको तिकडे कायमची, नवरा रावेरला : जोडीदार-व्हिसाचे एक प्रकरण

खानदेशातून परदेशी जाणाऱ्या जोडप्यांच्या फायली बहुधा एकाच घडणीच्या असतात. मुलगा संगणक क्षेत्रातला, पुण्याहून तिकडे गेलेला. सुटीत येऊन लग्न करतो आणि काही महिन्यांनी मुलगी मागोमाग जाते. येथे मांडलेले प्रकरण उलटे आहे. पत्नी इंग्लंडमध्ये परिचारिका आणि पती रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी. तिच्याकडे जाण्यासाठी अर्ज करायचा होता तो त्याने. दोघांची ओळख पटू नये म्हणून नावे, गावे आणि रुग्णालयांची नावे दिलेली नाहीत. प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटले, कारण त्यात कागद कमी पडल्याची अडचण नव्हती. फाईल चांगली जाडजूड होती. मात्र ती विचारलेल्या प्रश्नाचे नव्हे, तर दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर देत होती.

पार्श्वभूमी

पत्नी मूळची यावल तालुक्यातील. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून, मुंबईत काही वर्षे नोकरी करून ती २०१९ मध्ये इंग्लंडला गेली आणि तेथील सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, ‘बँड ५’ या श्रेणीत रुजू झाली. पाच वर्षे सलग काम केल्यावर २०२४ च्या अखेरीस तिला तेथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. त्याच सुमारास वडिलांची हृदयशस्त्रक्रिया ठरल्याने ती डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने बिनपगारी रजेवर गावी आली, आणि त्या मुक्कामातच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दोन्ही घरांनी आधीपासून बोलून ठेवलेले लग्न लागले. लग्नानंतर जोडपे जेमतेम पंधरा दिवस एकत्र होते. मार्चमध्ये ती कामावर परतली आणि एप्रिलच्या मध्यावर तिने समुद्रकाठच्या लहान गावातले रुग्णालय सोडून लेस्टर शहरातल्या रुग्णालयात बदली घेतली, कारण तेथे भारतीय वस्ती मोठी आहे आणि पतीला काम मिळणे सोपे जाईल असा तिचा हिशेब होता.

‘बदली घेतली’ हे शब्द तिचे आणि घरच्यांचे. ते जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण पुढची निम्मी गुंतागुंत त्यातूनच निघाली.

पतीचे शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंत झालेले. वडिलोपार्जित बागायत, ठिबकवरची केळी, विकास सोसायटीचे पीककर्ज नियमित फेडलेले, अशी व्यवस्थित शेती. जून २०२५ मध्ये हे कुटुंब व्हिसाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने तयार केलेली फाईल त्यांच्या हातात होती आणि पुढच्याच आठवड्यात शुल्क भरायचे ठरले होते.

सोपी वाट आधी होती

कुटुंबाचा पहिला प्रश्न रास्त होता. त्यांच्याच नात्यातला एक मुलगा २०२३ मध्ये परिचारिका पत्नीच्या मागे इंग्लंडला गेला होता. त्याला ना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली, ना पत्नीच्या पगाराची अमुक एक मर्यादा दाखवावी लागली, ना आरोग्य अधिभार (तेथील सरकारी आरोग्यसेवेपोटी व्हिसाबरोबर घेतली जाणारी रक्कम) भरावा लागला. मग आपल्या सुनेला तर कायमचा शिक्का मिळालेला. आपले काम त्याहून सोपे व्हायला हवे, कठीण कसे?

उत्तर असे की तो मुलगा जोडीदार-व्हिसावर गेलाच नव्हता. त्याची पत्नी तेव्हा ‘आरोग्य व देखभाल कर्मचारी’ व्हिसावर होती आणि तो तिचा आश्रित म्हणून गेला. त्या व्हिसाच्या आश्रितांना आरोग्य अधिभार माफ असतो, इंग्रजीची अट त्यांना तेव्हा नव्हती, आणि पैशांची अटही पहिल्या महिन्याच्या निर्वाहापुरती, तीही नोकरी देणाऱ्या संस्थेने हमी घेतली की संपते. मार्च २०२४ पासून वृद्धसेवेतील देखभाल कर्मचाऱ्यांना नव्याने आश्रित नेण्यास बंदी झाली, तरी परिचारिकांना ती लागू नव्हती. म्हणजे या जोडप्याचे लग्न वर्षभर आधी झाले असते आणि तिच्या जुन्या व्हिसाची मुदत चालू असतानाच त्याने अर्ज केला असता, तर तो त्याच वाटेने गेला असता.

कायम राहण्याची परवानगी मिळाली की ती व्यक्ती कर्मचारी-व्हिसावर राहत नाही आणि त्या व्हिसाचे आश्रितही तिला बोलावता येत नाहीत. तिच्या जोडीदाराला कुटुंब-प्रवेशाच्या नियमांतून यावे लागते आणि ते नियम ब्रिटिश नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला जे आहेत तेच. इंग्लंडमधल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड (२०१२ पासून ही मर्यादा १८,६०० होती, ११ एप्रिल २०२४ रोजी ती एकदम वाढवली गेली), इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची प्राथमिक पातळी, क्षयरोग तपासणी, राहण्याची पुरेशी जागा, आणि विवाह खरा असून दोघे कायम एकत्र राहणार असल्याचा पुरावा. शुल्कही हलके नव्हते : २०२५ च्या एप्रिलपासून अर्जाचे १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड होता. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, आधीच भरावा लागत होता. दोन्ही मिळून आपल्याकडचे साडेपाच-सहा लाख रुपये होत होते. अर्ज नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क बुडते.

फायलीत काय होते

एजंटाने गोळा केलेले कागद पाहता त्याने मेहनत घेतली नाही असे म्हणता येणार नाही. सातबारा आणि आठ-अचे उतारे, सोसायटीचा बेबाकी दाखला, जमिनीचे मूल्यांकन, मुलाच्या वडिलांच्या नावावरील मुदत ठेवींच्या पावत्या, केळीच्या व्यापाऱ्याकडील हिशेबपट्ट्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, आणि सरपंचाचा ‘अर्जदार गावचा रहिवासी असून सुस्वभावी आहे’ असा दाखला. हे सगळे पर्यटक व्हिसाचे कागद आहेत. पर्यटक व्हिसाला अधिकारी एकच शंका काढतो, की हा माणूस परत येईल का. आणि जमीन, ठेवी, घरदार ही त्या शंकेची उत्तरे असतात. जोडीदार-व्हिसाची मागणी नेमकी उलटी आहे. येथे अर्जदाराने तिकडे कायम राहण्याचा इरादा दाखवायचा असतो. ‘माझी एवढी बागायत आहे, मी ती सोडून राहूच शकत नाही’ असे सुचवणारी फाईल त्या इराद्याला बळ देत नाही, उलट नसती शंका उभी करते.

पैशांच्या बाजूनेही हे कागद बिनकामाचे होते. परदेशात राहणाऱ्या अर्जदाराची स्वतःची कमाई, मग ती पगाराची असो वा शेतीची, या टप्प्यावर धरली जात नाही; धरतात ती इंग्लंडमधल्या जोडीदाराची. बचत चालते, पण ती रोख हवी, दोघांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या नावावर हवी, आणि सहा महिने हातात असायला हवी. तिचे गणितही वेगळे असते : पहिले १६,००० पौंड हिशेबातच धरत नाहीत, आणि उत्पन्नात जितकी तूट असेल तिच्या अडीच पट रक्कम त्यावर लागते. कोणाचा पगार २७,००० असेल तर २,००० च्या तुटीसाठी २१,००० पौंड शिल्लक दाखवावी लागेल; उत्पन्न शून्य असेल तर ८८,५००. सासऱ्यांच्या ठेवी यात कोठेच बसत नव्हत्या. जमीन विकून पैसे दाखवण्याची सोय नियमांत आहे, आणि मुलाच्या वडिलांनी तीही तयारी दाखवली होती. त्यांना थांबवणे हे या प्रकरणातले पहिले काम ठरले, कारण सुनेचा पगार मर्यादेपेक्षा बराच वर होता. प्रश्न पगाराच्या आकड्याचा नव्हता, त्याच्या तारखांचा होता.

बदली नव्हे, नवी नोकरी

बँड ५ मध्ये चार वर्षांहून अधिक सेवा झालेल्या परिचारिकेचा वार्षिक पगार २०२४-२५ मध्ये ३६,४८३ पौंड होता. २९,००० च्या अटीपुढे हा आकडा पाहून एजंटाने पगाराचा भाग ‘झाला’ म्हणून सोडून दिला होता. त्याने सहा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या जोडल्या होत्या. त्यांतल्या काही जुन्या रुग्णालयाच्या, काही नव्या, आणि मध्ये बिनपगारी रजेची पोकळी.

नोकरीच्या उत्पन्नासाठी नियमांत दोन श्रेणी आहेत. ‘ए’ श्रेणीत जोडीदाराने अर्जाच्या आधी किमान सहा महिने एकाच मालकाकडे काम केलेले असावे लागते, आणि त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगार वर्षाच्या हिशेबाने मर्यादेच्या वर असावा लागतो. मालक बदलून सहा महिने झाले नसतील तर ‘बी’ श्रेणी. तिथे सध्याचा पगार मर्यादेच्या वर असणे पुरेसे नाही, मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेली कमाईही २९,००० पौंड भरायला हवी.

आपल्याकडे जिल्हा परिषदेची परिचारिका एका आरोग्य केंद्रातून दुसऱ्या आरोग्य केंद्रात गेली तर मालक बदलला असे कोणी म्हणत नाही. एनएचएस हे नावही एकच, गणवेशावरचे चिन्हही एकच, सेवाज्येष्ठताही पुढे चालू राहते. तरीही तेथे रुग्णालये वेगवेगळ्या ट्रस्टांच्या अखत्यारीत असतात आणि प्रत्येक ट्रस्ट हा कायद्याने स्वतंत्र मालक आहे. राजीनामा, नवे नेमणूकपत्र, नवा करार, नवा वेतन क्रमांक असे सारे होते. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर तिची नोकरी नव्याने सुरू झाली होती, आणि जूनमध्ये अर्ज केला असता तर ती ‘ए’ श्रेणीत बसलीच नसती.

उरली ‘बी’ श्रेणी. तिचा हिशेब मी पत्नीकडून प्रत्येक चिठ्ठी मागवून मांडला. ती बाह्यरुग्ण विभागात दिवसपाळीला असल्याने रात्रपाळीचे किंवा रविवारचे जादा पैसे नव्हते. मागच्या बारा महिन्यांतले तीन बिनपगारी, एप्रिलमधल्या दोन नोकऱ्यांच्या मधले काही दिवस रिकामे, आणि आधीच्या वेतनवाढीची थकबाकी धरूनही बेरीज २८,००० पौंडांच्या आत राहत होती. वर्षाला साडेछत्तीस हजार मिळवणाऱ्या बाईचा अर्ज हजारभर पौंडांसाठी नाकारला गेला असता, आणि त्यात अधिकाऱ्याची चूकही काढता आली नसती.

नकार आला असता तर दोन मार्ग होते. मानवी हक्कांच्या आधारावर २८ दिवसांत तेथील न्यायाधिकरणाकडे अपील करायचे, ज्याची सुनावणी कित्येक महिने लांबते. किंवा पुन्हा सगळे शुल्क भरून नवा अर्ज करायचा. शिवाय एक नकार कायमचा नोंदीवर राहतो. म्हणून सल्ला दिला तो थांबण्याचा : नव्या रुग्णालयातले सहा पूर्ण महिने भरू द्यावेत, ऑक्टोबरची वेतनचिठ्ठी येऊ द्यावी, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करावा.

हा सल्ला कोणालाच आवडला नाही. लग्न होऊन चार महिने झाले होते, गावात कुजबूज सुरू झाली होती. नवरा बायकोकडे जाणार ही गोष्टच काहींना पचलेली नव्हती, त्यात तो जातच नाही म्हटल्यावर ‘काहीतरी गडबड दिसते’ असे बोल आईच्या कानावर येत होते. वडिलांचा त्रागा वेगळा होता. ‘आमचं लगीन आख्ख्या गावानं पाह्यलं, आता त्याईले आजून काय पुरावा पाह्यजे?’ असे ते म्हणाले. त्यांना लग्नाच्या पुराव्याची नव्हे, सुनेच्या नोकरीच्या तारखेची अडचण आहे हे पटवायला वेळ लागला. शेवटी पत्नीनेच फोनवर सांगितले, ‘आबा, दिवाळीपर्यंत थांबू या,’ आणि विषय मिटला. सुनेचा शब्द त्या घरात चालतो हे त्या दिवशी दिसले. माझ्या मते ही फाईल तडीस जाण्याचे ते एक कारण होते.

थांबण्यातून एक अनपेक्षित गुंतागुंतही निघाली. २०२५-२६ ची ३.६ टक्के वेतनवाढ १ एप्रिलपासून लागू झाली खरी, पण ती हातात आली ऑगस्टच्या पगारात, मागच्या महिन्यांच्या फरकासह. त्यामुळे ऑगस्टची चिठ्ठी फुगलेली, मे ते जुलैच्या चिठ्ठ्या जुन्या दराच्या, आणि सप्टेंबरपासून नवा दर ३७,७९६, असे तीन वेगळे आकडे एकाच संचात आले. घाईत असा संच पाहणाऱ्याला तो गोंधळाचा वाटू शकतो. म्हणून रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाकडून घेतलेल्या पत्रात नोकरी कायमस्वरूपी असल्याचे, ती केव्हा सुरू झाली हे, आणि कोणता पगार कोणत्या तारखेपासून, हे स्वच्छ लिहून घेतले. प्रत्येक चिठ्ठीवरची निव्वळ रक्कम बँकेच्या उताऱ्यात त्याच आकड्याने जमा झालेली दिसते की नाही, हे पैशापर्यंत ताडून पाहिले. या कामात हुशारी लागत नाही, चिकाटी लागते.

नावे, पत्रिका आणि एक जुना नकार

विवाह नोंदणी मुलाच्या गावी ग्रामपंचायतीत झाली होती. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामसेवकाने दिलेले प्रमाणपत्र पूर्ण वैध असते. त्यासाठी तालुक्याला किंवा न्यायालयात जावे लागत नाही. मात्र इंग्रजी मजकुरात पत्नीच्या नावाचे स्पेलिंग पारपत्रापेक्षा एका अक्षराने वेगळे पडले होते आणि आडनावाच्या जागी सासरचे आडनाव लिहिले गेले होते. तिचे पारपत्र, तिकडची नोकरी, बँक, कायम वास्तव्याची नोंद, सगळे माहेरच्या नावाने. सासरच्या मंडळींना तिने पारपत्रावरचे नाव बदलावे असे वाटत होते. मी ते अर्ज होईपर्यंत टाळायला सांगितले. एक कागद दुरुस्त करणे सोपे असते. एका कागदासाठी बाकीचे दहा बदलणे म्हणजे नसते दुखणे. ग्रामसेवकांनी मूळ नोंदवही पाहून पारपत्राप्रमाणे दुरुस्त प्रमाणपत्र दिले.

लग्नपत्रिकेचा पेच निराळा होता. पत्रिकेवर, मांडवातल्या फलकावर आणि त्यामुळे बहुतेक छायाचित्रांतही, नवरीचे घरचे नाव होते. पारपत्रावरच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे याचे कोणाला काही वाटत नाही, पण इंग्लंडमधल्या एखाद्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला फलकावर दुसऱ्याच बाईचे नाव दिसेल. पत्रिका वगळावी असे एजंटाचे मत होते. मी ती ठेवली, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर जोडले, आणि पत्नीने आपल्या पत्रात दोन ओळींत खुलासा केला की घरी तिला या नावाने हाक मारतात. भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘हे मूळ मजकुराचे अचूक भाषांतर आहे’ हे विधान असावे लागते. ते नसेल तर उत्तम भाषांतरही विचारात घेतले जात नाही.

ठरवून केलेले लग्न हा संशयाचा मुद्दा नाही. तेथील अधिकाऱ्यांना अशी लग्ने माहीत असतात. पंधरा दिवसांच्या सहवासानंतरचे महिने कसे गेले, हे मात्र दाखवावे लागते. एजंटाच्या फायलीत लग्नाची शेकडो छायाचित्रे होती, पण मार्चनंतरचे काहीच नव्हते. निवडक छायाचित्रे ठेवली. त्यांच्या जोडीला भारतीय वेळेनुसार रोज रात्रीच्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलची महिनावार नोंद, वडिलांच्या औषधपाण्यासाठी तिने पतीच्या खात्यावर पाठवलेले पैसे, आणि सप्टेंबरमध्ये ती आठ दिवसांसाठी आली तेव्हाचे बोर्डिंग पास जोडले. प्रेमपत्रे छापून जोडण्याची काही जणांना हौस असते. ती या फायलीत नव्हती आणि उणीवही भासली नाही.

आता सर्वांत गंभीर बाब. पतीने २०१७ मध्ये कॅनडाच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. ‘कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला आहे काय?’ या प्रश्नापुढे एजंटाने ‘नाही’ असे भरून ठेवले होते, ‘इंग्लंडला कॅनडाचे काय कळणार’ या भरवशावर. ती आठ वर्षांपूर्वीची विद्यार्थी-अर्जाची फाईल या अर्जाच्या गुणवत्तेला धक्का लावत नव्हती. लपवली असती तर मात्र तोच नकाराचा स्वतंत्र आधार झाला असता, आणि खोटे सांगितल्याचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटला असता. या देशांमध्ये अशा माहितीची देवाणघेवाण होते. उत्तर ‘होय’ केले, वर्ष आणि कारण लिहिले, जुने नकारपत्र जोडले. याबाबत मला कोणतीही तडजोड मान्य नसते, आणि ती मागणाऱ्याची फाईल मी घेत नाही.

परीक्षा, तपासणी, बोटांचे ठसे

इंग्रजीची परीक्षा ‘ए-वन’ पातळीची, फक्त बोलण्या-ऐकण्याची असते. पदवी इंग्रजी माध्यमाची असती तर ती टळली असती, पण ही मराठी माध्यमाची होती. आयईएलटीएस लाइफ स्किल्स या परीक्षेत दोन उमेदवार एकाच वेळी परीक्षकासमोर बसतात आणि काही वेळ आपसातही बोलतात. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, गुण नाहीत. पतीला व्याकरणाची भीती होती. क्लासच्या पुस्तकातले ‘माझा आवडता छंद’ त्याच्या तोंडी बसेना. मग त्याला केळीबद्दलच बोलायला लावले : रोपे केव्हा लावतो, पाणी कसे देतो, घड कधी कापतो, ट्रक कोठे जातो. त्या विषयावर तो अडखळत का होईना, थांबल्याशिवाय बोलत राहिला, आणि समोरच्याने विचारले तर उलट विचारायलाही शिकला. ऑगस्टमध्ये मुंबईत तो पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला.

क्षयरोग तपासणी मुद्दाम उशिरा, ऑक्टोबरमध्ये ठेवली. तिचे प्रमाणपत्र सहाच महिने चालते आणि ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच ती करावी लागते. जूनमध्ये केली असती तर डिसेंबरात ती संपली असती. दुसरीकडे फार ताणूनही चालत नाही, कारण क्ष-किरणात काही संशयास्पद दिसले तर थुंकीच्या तपासणीत दोन महिने जाऊ शकतात. त्याची तपासणी निर्दोष निघाली.

राहण्याच्या जागेबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. पत्नी दोन सहकारी परिचारिकांबरोबर भाड्याच्या घरात राहत होती. स्वतंत्र खोली तिच्या नावावर, स्वयंपाकघर सामाईक. दोघांच्या वापराची एक स्वतंत्र खोली आणि गर्दी न होणे एवढे पुरते. भाडेकरार आणि ‘पतीला राहू देण्यास हरकत नाही’ असे घरमालकाचे पत्र जोडले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला गेला. शेवटची वेतनचिठ्ठी आणि बँकेचा उतारा अर्जाच्या तारखेपासून २८ दिवसांच्या आतले असावे लागतात, त्यामुळे ऑक्टोबरचा पगार जमा झाल्यावर फार रेंगाळता येत नव्हते. कागद घरूनच स्कॅन करून चढवले. ठशांसाठी मुंबईच्या केंद्रात जायचे होते. येथे एक गोष्ट आधीच सुचली, कारण केळी कापणाऱ्यांचे हात मी लहानपणापासून पाहिलेले आहेत. केळीचा चीक एकदा लागला की काळाकुट्ट डाग पडतो, आणि घडाचे दांडे धरून-कापून बोटांच्या पेरांवरच्या रेषा झिजतात, चिरा पडतात. आधारच्या यंत्रावर त्याचे ठसे याआधी उठले नव्हते. दोन आठवडे कापणीला हात लावायचा नाही आणि रोज रात्री खोबरेल तेल चोळायचे, असे त्याला बजावले. भुसावळहून रात्रीच्या गाडीने तो आणि त्याचा भाऊ मुंबईला गेले. यंत्राने डाव्या हाताच्या ठशाला दोनदा नकार दिला आणि मग घेतला.

निर्णय आणि त्यापुढचे

निर्णयाला साधारण बारा आठवडे लागतात असे सांगितले जाते. या अर्जाचा त्याच मुदतीत, कोणतीही जादा विचारणा न होता, मंजुरीचा आला. मधल्या काळात कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडावरची केळीची लागवड) लावायची की नाही हा घरातला वाद होता. धाकट्या भावाने निम्मे क्षेत्र लावले आणि उरलेले बटाईने दिले. अर्ज मंजूर होण्याआधी जमिनीची अशी सोय लावणे काहींना अपशकुनाचे वाटले. मला ते योग्य वाटले, कारण तिकडे कायम राहायला जाणारा माणूस असेच वागतो.

व्हिसा ३३ महिन्यांचा आहे. तो संपण्यापूर्वी ३० महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागेल, आणि तेव्हा इंग्रजीची पातळी एका पायरीने वर, ‘ए-टू’, लागेल. त्या वेळी दोघे खरोखर एका छताखाली राहिल्याचे पुरावे मागितले जातात, म्हणून पोहोचल्यापासून भाडेकरार, वीजबिल, नगरपालिकेचा कर आणि बँकेची पत्रे यांवर दोघांची नावे, निदान एकाच पत्त्यावर, येतील अशी व्यवस्था करण्यास त्यांना सांगितले आहे. सार्वजनिक निधीतून मिळणारे भत्ते त्याला घेता येणार नाहीत. काम मात्र पहिल्या दिवसापासून करता येते. मुदतवाढीच्या वेळी त्याची तेथील कमाई पत्नीच्या पगारात मिळवून धरली जाईल, त्यामुळे तोवर तिने मुलासाठी किंवा आणखी कशासाठी बिनपगारी रजा घेतली तरी या वेळेसारखा पेच पडणार नाही; अट एवढीच की त्याच्याही वेतनचिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे पहिल्या महिन्यापासून जपून ठेवलेले असावेत.